नेमबाजांची केबिन बॅग: निवडायची कशी, भरायची कशी आणि तपासणीतून न्यायची कशी

दिल्ली-भोपाळच्या स्पर्धांना विमानाने निघालेल्या आपल्याकडच्या नेमबाजांचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा खांद्यावरच्या बॅगेपाशी. रायफल किंवा पिस्तूल काउंटरवर जाहीर केलेलं असतं, कुलूपबंद पेटीत असतं, त्याची कागदपत्रं घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने तपासलेली असतात. केबिन बॅगेकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. रोज रेंजवर नेतो तीच सॅक रिकामी करायची, दोन जोड कपडे कोंबायचे आणि निघायचं. मग एक्स-रेच्या पडद्यावर अस्तराच्या कोपऱ्यात काहीतरी चमकतं, बॅग बाजूला काढली जाते आणि तिकडे बोर्डिंग सुरू झालेलं असतं.

खालची माहिती मुख्यतः १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलवाल्यांसाठी आहे. पॉइंट टू-टूवाल्यांना (म्हणजे ०.२२ इंची, काडतुसाच्या बंदुकांच्या नेमबाजांना) जिथे वेगळं लागू होतं तिथे तसं लिहिलं आहे. विमान कंपन्यांचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी कंपनीचं शस्त्रं आणि क्रीडासाहित्याचं पान स्वतः वाचा. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका.

टप्पा १: बॅगेआधी प्रवासाचा मार्ग ठरवा

केबिन बॅग केवढी हवी हे विमानावर ठरतं. एटीआरसारख्या लहान विमानात डोक्यावरचे कप्पे आखूड असतात. मोठ्या विमानात सहज मावणारी ट्रॉली तिथे दारातच काढून घेतात आणि पोटात टाकतात. म्हणून तिकीट काढतानाच विमानाचा प्रकार बघा. एटीआर असेल तर ट्रॉलीचा विचार सोडा.

संभाजीनगरहून थेट विमान नसेल आणि मुंबई किंवा हैदराबादला बदलायचं असेल, तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली की मधल्या विमानतळावर शस्त्राची पेटी ताब्यात घ्यायची, पुन्हा काउंटर, पुन्हा घोषणा, पुन्हा तपासणी. हजार रुपये वाचवण्यासाठी एवढा खटाटोप करू नये.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. जाताना सचखंड एक्स्प्रेसने जायचं आणि शाळा बुडू नये म्हणून परत विमानाने यायचं, असा बेत नांदेड-परभणीकडे बरेच जण आखतात. बेत चांगला आहे, पण बॅग रेल्वेच्या हिशोबाने भरली जाते आणि परतीला दिल्लीच्या विमानतळावर फजिती होते. एक बाजू जरी विमानाची असली तरी बॅग विमानाचीच भरा.

> तपासा: शस्त्र सोबत आहे हे विमान कंपनीला आधी कळवलं का? काही कंपन्या आगाऊ परवानगी मागतात, काही वेगळं शुल्क घेतात. उत्तर ई-मेलवर घ्या आणि त्याची छापील प्रत ठेवा. फोनवर कुणी "चालतं" म्हणालं, तर ते काउंटरवर दाखवता येत नाही.

टप्पा २: बॅग निवडा, आणि ती रेंजवर कधीच नेऊ नका

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: केबिनची बॅग वेगळी आणि रेंजची वेगळी. रेंजची सॅक धुऊन, झटकून, उन्हात वाळवून केबिनमध्ये नेऊ नका. घरातली शाळेची जुनी सॅक चालेल, भावाची कॉलेजची बॅग चालेल, पण जिने कधी छर्रा किंवा काडतूस पाहिलेलं नाही तीच घ्या.

कारण साधं आहे. एअर गनचा छर्रा ४.५ मिलीमीटरचा, डमरूच्या आकाराचा आणि शिशाचा असतो. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तो डब्यातून निसटला की शिवणीत, चेनच्या टोकाशी, पट्ट्याच्या दुमडीत जाऊन बसतो आणि हाताला लागत नाही. शिसं मात्र एक्स-रेत लपत नाही, गडद ठिपक्यासारखं उठून दिसतं. तुम्हाला न सापडलेला छर्रा मशीनला सापडतो.

पॉइंट टू-टू आणि शॉटगनवाल्यांना आणखी एक अडचण. फायरिंगनंतर बारुदाचे कण बॅगेवर, हातांवर, कपड्यांवर राहतात. काही विमानतळांवर बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून ती स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या यंत्रात घालतात. बारुदातली नायट्रोची संयुगं शोधणं हेच त्या यंत्राचं काम. तिथे "मी खेळाडू आहे" हे खरं असलं तरी ते पटवून देण्यात वेळ जातो.

आता माप. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारणपणे एक केबिन बॅग, ७ किलोपर्यंत, आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत. त्याशिवाय लॅपटॉपची लहान बॅग किंवा पर्स चालते. बॅग घेताना हे बघा:

- रिकाम्या बॅगेचं वजन. चाकं आणि दांडा असलेल्या ट्रॉलीत दोन-अडीच किलो तिथेच जातात. नेमबाजाला ते परवडत नाही. साधी पाठीवरची सॅक घ्या.
- कप्पे जितके कमी तितकं बरं. एक मोठा, एक पुढचा, बस्स.
- आतलं अस्तर फिकट रंगाचं. काळ्या अस्तरावर शिसं दिसत नाही.
- लष्करी छपाईचं कापड नको. बंदुकीच्या कंपनीचे बिल्ले, स्टिकर, चावीला लटकवलेलं काडतुसाचं कीचेन, सगळं काढा. कीचेनमधलं काडतूस खोटं असलं तरी शस्त्राची प्रतिकृती केबिनमध्ये चालत नाही.

टप्पा ३: सामानाचे तीन ढीग करा

निघायच्या दोन दिवस आधी सगळं सामान पलंगावर ओता आणि तीन ढीग करा. आदल्या रात्री करायला बसलात तर वस्तू चुकीच्या ढिगात जाणारच.

*पहिला ढीग, केबिनचा.* इथे एकच कसोटी लावा: सामान पोचलं नाही तर ही वस्तू दुसऱ्याकडून मागून वापरता येईल का? रायफल मिळते. संघातला कुणीतरी देतो, बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गालाला टेकणारा भाग) फिरवून काम भागतं. पण बूट दुसऱ्याचे बसत नाहीत. शूटिंगचा चष्मा आणि त्यातली तुमच्या नंबरची काच कुणाकडे नसते. रायफलचा हातमोजाही ज्याचा त्यालाच बसतो. म्हणून बूट, चष्मा, मोजा, आतले कपडे, शूटिंग डायरी, औषधं आणि सगळी मूळ कागदपत्रं केबिनमध्ये. जॅकेटचंही तसंच आहे, पण ते अवजड. जागा आणि वजन उरलं तरच घ्या, नाहीतर चेक-इनच्या सूटकेसमध्ये घडी न घालता पसरून ठेवा. अंगात घालून तपासणीला जाऊ नका. त्या जाड कापडामुळे जवानाला सगळं चाचपून बघावंच लागतं.

पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल केबिनमध्येच न्यायचे, चेक-इनमध्ये चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, ती चालते. तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर दुसरी घ्या. प्रशिक्षणाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचे आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे सुटे सेलही इथेच. हे सगळं एका छोट्या पाउचमध्ये बॅगेच्या तोंडाशी ठेवा. बॅग दारात काढून घेतली तर पाउच उचलून हातात घेता यायला हवा.

*दुसरा ढीग, चेक-इनचा.* गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. नाजूक आणि महाग वस्तू जवळ ठेवाव्यात असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून लोक रायफलची डायॉप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायचा मागचा भाग) काढतात, रुमालात गुंडाळतात आणि केबिनमध्ये घेतात. पिस्तूलवाले हाताच्या मापाची लाकडी ग्रिप काढून घेतात, "नुसतं लाकूड तर आहे" म्हणत. तसं करू नका. शस्त्राचा सुटा भाग केबिनमध्ये चालत नाही, मग तो लाकडाचा असो की काचेचा. साइट, ग्रिप, बोल्ट, फ्रंट साइटच्या रिंगा, बॅरलवर बसवायची वजनं, सगळं शस्त्राच्या पेटीतच फोममध्ये बसवा.

छर्ऱ्यांचंही तेच. तुमच्या बॅरलला जुळलेला लॉट (एकाच खेपेचे छर्रे) हरवेल ही भीती खरी आहे. पण छर्रे, बंद डबा असला तरी, केबिनमध्ये नाहीत. त्यांचे दोन भाग करा, दोन वेगळ्या चेक-इन बॅगांत ठेवा, डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी मारा. पाचशेचा डबा पाव किलोपेक्षा थोडाच जड असतो, वजनाचा प्रश्न येत नाही.

अॅलन की, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ट्रिगर तपासायचं ५०० ग्रॅमचं वजन, कात्री, स्कोपचा तिपाई स्टँड, हेही चेक-इन. ट्रिगरचं वजन बघायला निरुपद्रवी, पण एक्स-रेत तो भरीव धातूचा गोळा दिसतो.

कॉम्प्रेस्ड एअरचा सिलिंडर पूर्ण रिकामा करून चेक-इनमध्ये. या बंदुका साधारण २०० बार दाबाला भरतात. कंपनीने दिलेल्या हवा सोडायच्या स्क्रूने हळूहळू रिकामा करा, एकदम सोडलीत तर सिलिंडर गार पडतो आणि आतल्या रबरी रिंगांना त्रास होतो. काटा शून्यावर आला की तो दिसेल असा पेटीत ठेवा. "रिकामाच आहे, मग केबिनमध्ये नेतो" हे चालत नाही. भरण्याचा अॅडॉप्टर विसरू नका, त्याशिवाय तिथल्या कॉम्प्रेसरचा उपयोग नाही.

*तिसरा ढीग, घरी ठेवायचा.* साइट काळी करायचा स्प्रे, मेणबत्तीसोबतची काडेपेटी, लायटर, बॅरल साफ करायचं ज्वलनशील द्रावण. हे ना केबिनमध्ये, ना चेक-इनमध्ये. तेल लागतं तेवढं तिथे मागून घ्या.

खाण्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे डबा दिल्याशिवाय कुणी पोराला घराबाहेर सोडत नाही. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू खुशाल केबिनमध्ये न्या. लाल तिखट, तिखटाची चटणी आणि मिरचीचं लोणचं केबिनमध्ये अडवतात. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही नको, ते पेट घेणारं मानतात. आज्जीला हे पटणार नाही, पण सांगावं लागेल.

> थांबा, पॉइंट टू-टूवाले: काडतुसं मूळ खोक्यातच, फक्त चेक-इनमध्ये, जाहीर करून. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत क्रीडा काडतुसांची कमाल मर्यादा पॅकिंगसह माणशी ५ किलो आहे. कंपनीची मर्यादा त्याहून कमी असू शकते. दोघांचा कोटा एका खोक्यात एकत्र करू नका.

टप्पा ४: बॅग झाडा

नवी बॅग असली तरी हे करा. जमिनीवर पांढरी चादर अंथरा. बॅगेच्या सगळ्या चेन उघडा, अस्तर बाहेर ओढा, बॅग उलटी धरून तळावर चापट्या मारा. मग आतल्या शिवणी अंगठा आणि तर्जनीत धरून इंच-इंच सरकवत तपासा. कुठे दाणा लागला तर अस्तर उसवा. खांद्याच्या पट्ट्यातलं स्पंज जिथे शिवलेलं असतं ती जागा आणि चेनच्या दोन्ही टोकांचे कोपरे नीट बघा.

बुटांकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण ते रेंजवरून थेट केबिनमध्ये येणार आहेत. तळव्याच्या खाचेत छर्रा रुतलेला असतो, पॉइंट टू-टूच्या रेंजवर रिकामी पुंगळीही बुटात पडते. आतला सोल काढून बूट आपटा, तळवा जुन्या टूथब्रशने घासा. ट्राउझरची तळाची घडी, जॅकेटचा खिसा, चष्म्याच्या डबीतलं स्पंज हेही उलगडून बघा.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी, तर बॅगेत जिवंत काडतूस सापडलं की प्रवाशाला स्थानिक पोलिसांच्या ताब्यात देतात आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २५ खाली गुन्हा नोंदवला जातो. काडतूस आहे हे माहीतच नव्हतं, म्हणजे जाणीवपूर्वक ताबा नव्हता, हा बचाव न्यायालयं मान्य करतात. दिल्ली उच्च न्यायालयाने अशा कारणाने कित्येक गुन्हे रद्दही केले आहेत. पण ते पुढचं. त्या दिवसाचं विमान आणि स्पर्धा गेलेलीच असते.

टप्पा ५: वजन करा

लटकवायचा काटा असेल तर उत्तम, नसेल तर वजनाच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन. साडेसहा किलोवर थांबा. पाण्याची बाटली आणि वाटेत घेतलेली पुस्तकं राहिलेलं अर्धं किलो खातात.

टप्पा ६: कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये

४.५ मिलीमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यामुळेच लोक कागद न घेता निघतात. परवाना लागत नसला तरी विमानतळावर ती शस्त्रच धरतात. म्हणून हे सोबत ठेवा: आधार, राष्ट्रीय रायफल संघटनेचं नेमबाज ओळखपत्र, स्पर्धेच्या प्रवेशाचा पुरावा, बंदुकीचं बिल आणि जिल्हा किंवा राज्य संघटनेचं पत्र. पत्रात बंदुकीचा अनुक्रमांक असावा.

बिल वडिलांच्या किंवा क्लबच्या नावावर आणि बोर्डिंग पास मुलीच्या नावावर, हे सर्रास होतं. अशा वेळी ज्याच्या नावावर बिल आहे त्याचं सहीचं पत्र जोडा. पॉइंट टू-टूवाल्यांनी परवान्यावरची क्षेत्राची नोंद वाचावी. ती फक्त महाराष्ट्रापुरती असेल तर दिल्लीला जाण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढायला हवी, आणि ते काम चार दिवसांत होत नाही.

मूळ कागद केबिनमध्ये, छायाप्रती शस्त्राच्या पेटीत.

टप्पा ७: विमानतळावरचा क्रम

बीड, लातूर, हिंगोलीहून येणाऱ्यांनी उड्डाणाआधी तीन तास चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, पोचायचं या हिशोबाने निघावं. सोडायला आलेल्या काकांना लगेच परत पाठवू नका. सुरक्षा तपासणी पार झाल्याचा तुमचा फोन येईपर्यंत त्यांना बाहेर चहा घेऊ द्या. आत एखादी अॅलन की निघाली तर ती त्यांच्या हाती देता येते, नाहीतर ती तिथल्या डब्यात जाते. एसटीने एकटे आलात तर ही सोय नाही, म्हणून टप्पा ४ दोनदा करा.

१. वेब चेक-इन केलं असलं तरी थेट काउंटरवर जा.

२. पहिल्याच वाक्यात सांगा: "माझ्याकडे स्पर्धेची एअर रायफल आहे, चेक-इनमध्ये द्यायची आहे." बॅगा पट्ट्यावर ठेवून झाल्यावर सांगू नका.

३. पेटी उघडून दाखवावी लागते. बंदूक रिकामी आहे, सिलिंडर शून्यावर आहे हे दाखवा. बॅरलमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घातलेला असला की समोरच्याला लांबूनच कळतं. बंदुकीला हात लावायच्या आधी विचारा.

४. घोषणापत्र भरा, पेटीला तुमच्यासमोर कुलूप लागू द्या, पावती घ्या.

५. पेटी पुढे कुठे मिळेल हे तिथेच विचारा. शस्त्र बऱ्याचदा पट्ट्यावर येत नाही, कंपनीचा माणूस हातात देतो.

६. मगच केबिन बॅग घेऊन सुरक्षा तपासणीकडे वळा.

> तपासा: काउंटर सोडण्याआधी खिसे चाचपा. पेटी दाखवताना काढलेली अॅलन की खिशातच राहते.

टप्पा ८: ट्रे आणि प्रश्न

लॅपटॉप, फोन आणि पॉवर बँकचा पाउच वेगळ्या ट्रेमध्ये. बूट बॅगेत सगळ्यात वर ठेवलेले असले की उघडायला लागले तरी बाकीचं विस्कटत नाही.

बॅग बाजूला काढली तर वस्तूचं नाव सरळ सांगा: "स्पर्धेचे बूट आहेत, हा चष्मा आहे, याला झाकण आहे ते एक डोळा बंद ठेवायला." चष्म्याची ती फ्रेम, काच आणि झडप जवानाने आधी पाहिलेली असेलच असं नाही, त्याला हातात घेऊन बघू द्या. बंदूक, गोळी, नेम यावरून विनोद करू नका, मागे उभ्या मित्रालाही करू देऊ नका. एखादी वस्तू चालत नाही म्हणाले तर वाद न घालता दोनच पर्याय विचारा: चेक-इनमध्ये टाकता येईल का, की बाहेरच्या माणसाला देता येईल. वेळ हातात असेल तर यातला एक सहसा जमतो.

टप्पा ९: परतीची बॅग

येताना चुका जास्त होतात. स्पर्धा संपलेली असते, मनःस्थिती बरी-वाईट कशीही असते, आणि हॉटेलवर अर्ध्या तासात सामान भरायचं असतं. रेंजवर उरलेले छर्रे डब्यात न जाता ट्रॅकपँटच्या खिशात गेलेले असतात. कुणीतरी आठवण म्हणून पुंगळी दिलेली असते. सिलिंडर शेवटच्या सिरीजनंतर भरलेलाच असतो.

म्हणून रेंज सोडण्याआधी, रेंजवरच, तीन कामं उरका: सिलिंडर रिकामा करा, उरलेले छर्रे मोजून डब्याला चिकटपट्टी मारा, स्पर्धेत घातलेल्या कपड्यांचे खिसे उलटे करा. ते कपडे चेक-इनमध्ये टाका आणि प्रवासाला दुसरे घाला. बूट केबिनमध्येच परत येणार असतील तर हॉटेलच्या मोरीत तळवे पुन्हा घासा. पांढरी चादर हॉटेलच्या पलंगावर असतेच.